दिल्ली पाहावी कोणत्या क्रमाने?

राजधानी पाहायला प्रथमच येणाऱ्या माणसापुढे दोन अडचणी असतात. एक वेळेची आणि दुसरी निवडीची. दिल्लीत पुरातत्त्व खात्याने संरक्षित ठरविलेली स्मारकेच पावणेदोनशेच्या आसपास आहेत. १९१६ ते १९२२ या काळात मौलवी जफर हसन यांनी तयार केलेली जी यादी चार खंडांत प्रसिद्ध झाली, तीत तर तेराशेंहून अधिक वास्तूंची नोंद आहे. उलट काशी, प्रयाग, हरिद्वार करून परतणारा मराठी यात्रेकरू दिल्लीला एक दिवस देतो, फार तर दोन. तेव्हा काही पाहणे आणि पुष्कळसे सोडणे हे अटळ आहे. प्रश्न एवढाच, की काय सोडायचे हे कोणी ठरवायचे: गाडीवानाने, घड्याळाने, की पाहणाऱ्याने?

बहुतेकांचा क्रम सोयीने ठरतो. जुन्या दिल्लीच्या स्थानकावर उतरले की लाल किल्ला जवळ, म्हणून तो आधी. मग जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट. आणि दिवस कलता कलता कुतुबमिनार. यात पायपीट वाचते. पण इतिहासाच्या दृष्टीने हा ग्रंथ शेवटच्या प्रकरणापासून उलटा वाचण्यासारखा प्रकार होतो. १६४८ साली पुरा झालेला किल्ला सकाळी पाहायचा आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला मिनार संध्याकाळी, थकल्या डोळ्यांनी! मनात उरतात ते दगडांचे रंग. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे उमगत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. तो दिल्लीत नोकरी करणाऱ्या एका तरुण मुन्सफापुढे पावणेदोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. पुढे अलिगढच्या विद्यापीठामुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, ते सय्यद अहमद खान १८४६च्या सुमारास कंपनी सरकारचे मुन्सफ म्हणून दिल्लीत होते. कचेरीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा ते पडक्या इमारती मोजीत, शिलालेख उतरून घेत. कुतुबमिनारावरचे उंच लेख जमिनीवरून वाचता येईनात, तेव्हा दोन बल्ल्यांच्या मध्ये टोपली बांधून तीत ते बसत, असे त्यांचे चरित्रकार हाली सांगतात. या परिश्रमातून १८४७ साली ‘आसार-उस्-सनादीद’ हा उर्दू ग्रंथ निघाला. त्याची मांडणी स्थळांप्रमाणे होती: आधी शहराबाहेरच्या वास्तू, मग किल्ला, मग शहर आणि शेवटी दिल्लीतील नामवंत माणसे. परंतु सात वर्षांनी, १८५४ साली, दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी ही मांडणी मोडली आणि वास्तू कालानुक्रमाने लावल्या. माणसांचे प्रकरण मात्र गळले. पहिली मांडणी पाहणाऱ्याच्या पायांसाठी होती, दुसरी त्याच्या बुद्धीसाठी. आणि तीन वर्षांत १८५७चा वणवा पेटून त्या ग्रंथात वर्णिलेल्या कित्येक इमारती जमीनदोस्त झाल्या, तेव्हा ही दोन्ही पुस्तके त्यांची साक्ष म्हणून उरली.

दिल्लीचा भूगोल असा, की थोडा विचार केला तर या दोन मांडण्यांचा मेळ बसतो. दिल्लीच्या दक्षिणेस अरवलीच्या टेकड्यांचे शेवटचे फाटे आहेत, पूर्वेस यमुना. आरंभीच्या राजधान्या संरक्षणासाठी टेकड्यांच्या आश्रयाने, दक्षिणेकडे वसल्या. पुढे सत्ता स्थिर झाली, वस्ती वाढली, तसे शहर पाण्याच्या ओढीने नदीकाठी आणि उत्तरेकडे सरकत गेले. म्हणून मेहरौलीपासून शाहजहानाबादेपर्यंतचा दक्षिणोत्तर प्रवास हाच ढोबळमानाने बाराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतचा प्रवास ठरतो. आज कुतुबमिनार आणि चांदनी चौक ही दोन्ही टोके मेट्रोच्या एकाच मार्गावर आहेत. तेव्हा सकाळी कुतुबापाशी आरंभ करण्यात गैरसोय अशी काहीच नाही.

तेथे गेल्यावर नजर प्रथम साडेबाहत्तर मीटर उंचीच्या मिनाराकडे जाते, हे साहजिकच आहे. आतल्या तीनशे एकोणऐंशी पायऱ्या १९८१ सालच्या चेंगराचेंगरीनंतर लोकांना बंद झाल्या आहेत. परंतु शिकण्यासारखे आहे ते खाली. शेजारच्या मशिदीच्या पूर्वद्वारावर सत्तावीस देवळांचे सामान वापरल्याचा लेख कोरलेला आहे आणि तिचे नक्षीदार खांब तीच गोष्ट लेखावाचून सांगतात. मशिदीच्या दर्शनी भिंतीतल्या कमानी इस्लामी घाटाच्या. पण त्या रचल्या आहेत एकावर एक दगड थोडा थोडा पुढे काढून, देवळाच्या कारागिराला ठाऊक असलेल्या रीतीने. तेथून काही पावलांवर १३११ साली बांधलेला अलाई दरवाजा आहे. त्याची कमान पाचरीच्या आकाराच्या दगडांची, खरी कमान आहे. या दोहोंमध्ये सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. मालक नवे आणि हात जुने, अशी सुरुवात होऊन ते हात नवी विद्या कसे शिकले, हे येथे उघड्या डोळ्यांना दिसते.

येथून पुढे तुघलकाबादचा ओसाड कोट, लोदी घराण्याच्या कबरी, हुमायूनाने आरंभिलेला आणि शेरशहाने हाती घेतलेला पुराना किल्ला, हुमायूनाची कबर आणि अखेर शाहजहानाबाद, अशी मालिका लावता येते. वेळ थोडा असेल तर कुतुब, हुमायूनाची कबर आणि लाल किल्ला ही तीनच ठिकाणे घ्यावीत. पण प्रत्येकाला निदान दोन तास द्यावेत. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

मात्र कालानुक्रमाचीही एक मर्यादा आहे. इमारत बांधली गेली ते साल तिच्या जन्माचे असते. तिचे आयुष्य त्यानंतर सुरू होते. कुतुबाच्या आवारातील लोहस्तंभ मशिदीहून सुमारे आठशे वर्षांनी जुना, गुप्तकाळातला, आणि बहुतेक संशोधकांच्या मते दुसरीकडून आणून उभा केलेला. फिरोजशहा तुघलकाने १३५४ साली वसविलेल्या कोटल्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो टोपरा गावाहून रेशमी कापसात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून, पुढे यमुनेतून नावांवर लादून आणल्याचे वर्णन समकालीन इतिहासकार अफीफ याने केले आहे. त्यावरचा लेख वाचायला सुलतानाने पंडित बोलावले. कोणालाही तो वाचता आला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा तो स्तंभ बोलू लागला. मग हा स्तंभ कोणत्या शतकात घालायचा? अशोकाच्या, फिरोजशहाच्या, की प्रिन्सेपच्या? हुमायूनाची कबरही अशीच. अकबराच्या आरंभीच्या काळातील ही देखणी वास्तू मोगल वैभवाची नांदी मानली जाते. पण १८५७च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशहा याने आश्रय घेतला तो याच आवारात, आणि येथूनच तो कैद होऊन गेला. एका वंशाचा उदय आणि अस्त एकाच चौथऱ्यावर! म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन साले विचारावीत: हे उभे केव्हा राहिले, आणि येथे घडले काय?

मराठी पाहुण्याला हा दुसरा प्रश्न लाल किल्ल्यात विशेष विचारावा लागतो. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत १७६०च्या स्वारीत सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी काढले. आज दिसते ते लाकडी छत नंतरचे. पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. पण गोष्ट तेथे संपत नाही. १७७२ साली शाहआलम बादशहा दिल्लीत परतला तो मराठ्यांच्या आधाराने. १७८८ साली याच किल्ल्यात गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले, तेव्हा त्या दुष्टाला हुसकावून लावणारी फौज महादजी शिंद्यांची होती. १८०३च्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजाजवळ शिंद्यांच्या फौजेचा लेकने पराभव केला आणि दिल्लीची सूत्रे इंग्रजांच्या हाती गेली. या हकिकतीत अभिमानाचे आहे तसेच संकोचाचेही आहे. छताचा विसर पाडून केवळ महादजींना आठवणे, किंवा पानिपताच्या दुःखात पुढली तीस वर्षे विसरणे, ही दोन्ही अर्धवट वाचने होत. त्या छताखाली उभे राहून दोन्ही आठवणी एकत्र बाळगता आल्या पाहिजेत.

उरते ती नवी दिल्ली. १९११ साली घोषित झालेली आणि १९३१ साली उद्घाटन झालेली ही राजधानी उत्तरेकडे सरकणाऱ्या शहराला पुन्हा दक्षिणेकडे वळविते. ती बांधणारी सत्ता उद्घाटनानंतर सोळा वर्षांनी गेली. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकविला, आणि साडेपाच महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, आज गांधी स्मृती म्हणून जतन केलेल्या घराच्या बागेत गांधीजींची हत्या झाली. त्या बागेत ना घुमट आहे ना मिनार. पण दिल्लीच्या फेरीचा शेवट करण्यास याहून योग्य जागा नाही. वेळेअभावी जे राहून गेले असेल, त्याची हळहळ करण्याचे कारण नाही. सय्यद अहमदांसारख्या दिल्लीकरालाही आपलेच शहर दोनदा मांडावे लागले; परगावच्या पाहुण्याने दुसऱ्या खेपेसाठी काही राखून ठेवले, तर त्यात नुकसान कसले?