दांतांतला किडा



आपल्या भाषेंत धान्य किडतें, लांकूड किडतें आणि दांतही किडतो. या एका क्रियापदाच्या पोटांत फार जुनी समजूत दडलेली आहे. दांताच्या आंत खरोखरीचा किडा बसलेला असून तो दांत पोखरीत असतो, अशी ती समजूत. ती केवळ आपलीच नव्हे. प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या विटांवर या किड्याविरुद्धचा एक मंत्र कोरलेला सांपडला आहे. त्यांत तो किडा दांत व हिरड्या यांच्या सांदींत राहण्यास जागा द्यावी म्हणून देवांची विनवणी करतो. आमच्या लहानपणीं आठवड्याच्या बाजारांत दाढेंतला किडा कापसाच्या बोळ्यावर काढून दाखविणारीं माणसें बसत, आणि लोक पैसे देऊन तो पाहत.

पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार यानें १७२८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. किडलेले दांत त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले होते. किडा कांहीं त्याला दिसला नाहीं. उलट, गोड पदार्थांपासून दांत जपा, असें त्यानें बजावलें. साखरेवर संशय मात्र त्याच्याही आधीं पडला होता. १५९८ सालीं इंग्लंडांत आलेल्या हेंट्झनर नांवाच्या एका जर्मन प्रवाशानें राणी एलिझाबेथचे दांत काळे पडलेले पाहिले, आणि इंग्रज लोक साखर फार खातात त्याचा हा परिणाम, असें लिहून ठेविलें. त्या काळीं साखर श्रीमंतांच्या घरची वस्तु होती, त्यामुळें काळे दांतही श्रीमंतांचेच! पुढें साखर स्वस्त होत गेली. १८७४ सालीं इंग्लंडनें तिच्यावरील कर उठविला आणि मजुरांच्या मुलांच्याही पावावर मुरंबा आला. राणीचा रोग झोंपडींत पोंचला.

साखरेनें दांत नासतो तरी कसा, हें बर्लिन येथें काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन पंडितानें उलगडलें. त्यानें कांहीं दांत लाळ मिसळलेल्या पावांत व साखरेंत उबदार ठेविले, कांहीं तसेच मांसांत ठेविले. पहिले मऊ पडले. मांसांतले होते तसे राहिले. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेचें आम्ल करतात आणि त्या आम्लांत दांताचा चुना विरघळतो, असा निष्कर्ष त्यानें १८९० च्या ग्रंथांत मांडला. पुढें १९४० च्या सुमारास रॉबर्ट स्टीफन यानें असें दाखविलें कीं, साखर तोंडांत जातांच कांहीं मिनिटांतच दांतांवरील आम्लता वाढते, व ती पूर्वपदावर येण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. हा अर्धा-पाऊण तास आपण ध्यानांत ठेवूं. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मग दुसरें महायुद्ध आलें. जपानमध्यें युद्धापूर्वीं माणशीं वर्षाला सुमारें १५ किलो साखर खपे, ती १९४६ सालीं पाव किलोहि राहिली नाहीं. नॉर्वेंतही साखरेची टंचाई पडली. उपासमारीच्या त्या दिवसांत मुलांचे दांत मात्र सुधारले! शांतता आली, साखर आली, आणि कीडही परत आली.

तथापि एवढ्यानें सर्वांचें समाधान होण्यासारखें नव्हतें. युद्धांत माणसाचें सारेंच जीवन बदलतें; एकट्या साखरेवर दोष कसा ठेवावा? स्वीडननें १९३८ सालीं सार्वजनिक दंतसेवा उभारण्याचें ठरविलें होतें, आणि दांत किडतात कशानें याचें निश्चित उत्तर सरकारला हवें होतें. तें शोधण्यासाठीं लुंड शहरांतील विपेहोल्म रुग्णालय निवडलें गेलें. तेथें मतिमंद रुग्ण कायमचे ठेवलेले असत. १९४५ पासून त्यांच्या आहारावर प्रयोग सुरू झाले. कोणास जेवणाबरोबर गोड पेय, कोणास गोड पाव, आणि कोणास दोन जेवणांच्या मध्यें टॉफी. दांतांना चिकटून राहील अशी मुद्दाम बनविलेली, दिवसाला चोवीसपर्यंत. ज्यांना साखर जेवणाबरोबर मिळाली, त्यांचे दांत फारसे बिघडले नाहींत. टॉफी खाणाऱ्यांच्या दांतांची दुर्दशा झाली.

१९५४ सालीं हे निष्कर्ष छापून आले, आणि दंतशास्त्रांत ते अजून आधारभूत मानले जातात. साखर किती खाल्ली यापेक्षां ती कितीदां खाल्ली आणि किती वेळ तोंडांत चिकटून राहिली, याला महत्त्व अधिक. पण तें ज्ञान ज्यांच्या दाढा नासून मिळालें, त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. विचारलें असतें तरी त्यांतील पुष्कळांना उत्तर देतां आलें नसतें. प्रयोगाच्या खर्चाचा कांहीं भाग मिठाई बनविणाऱ्या धंद्याकडून आला होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. हें ज्ञान टाकून द्यावें असें मी म्हणत नाहीं. तें वापरतांना मात्र मला संकोच वाटतो.

आतां तो अर्धा-पाऊण तास आठवा. सणाला पानांतली पुरणपोळी मुलानें जेवणांत खाल्ली, तर दांतांवर आम्लाचा एक हल्ला झाला. पण रडलें म्हणून चिमूटभर साखर, औषधावर खडीसाखर, शेजारीं बिस्किट, पाहुण्यांचें चॉकलेट, असे दिवसांत सहा-सात हल्ले झाले, तर दांताला सावरण्यास उसंत कोठून मिळावी? गूळ आणि मध पवित्र खरे, पण जंतूंना तो भेद कळत नाहीं. सर्वांत वाईट म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून बाळाला निजविणें. झोंपेंत लाळ आटते आणि दांत रात्रभर त्या गोडव्यांत भिजत राहतात. 'दुधाचेच दांत, पडायचेच आहेत,' हें आजीबाईंचें उत्तर मला मान्य नाहीं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुखांत असतात. वर्गांत गालाला हात लावून बसलेल्या एका मुलाला 'लक्ष कोठें आहे?' म्हणून मीं दरडावलें होतें. त्याची दाढ ठणकत होती, हें मला मधल्या सुटींत कळलें.

पहिला दांत दिसतांच तो घासण्यास आरंभ करावा, आणि तीन वर्षांखालील मुलास फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच लावावी, असें आजचे दंतवैद्य सांगतात. तें करावेंच. पण त्यानें दिवसभराचा खाऊ माफ होत नाहीं.

स्वीडनमध्यें विपेहोल्मनंतर आईबापांस सांगण्यांत आलें कीं, मिठाई आठवड्यांतून एकदांच द्या, हवी तेवढी एकाच बैठकींत. त्यांतून 'शनिवारची मिठाई' ही तेथल्या घरोघरची रीत होऊन बसली. मुलें आठवडाभर शनिवारची वाट पाहतात. विपेहोल्मचें तें रुग्णालय मात्र उरलें नाहीं. त्याच्या आवारांत पुढें शाळा भरूं लागली.