लायडनची बरणी आणि डिकीतला कंडेन्सर

मी भिलाईहून बोलतोय. गाडीत मोठा वूफर लावला, बास सुरू झाला, की हेडलाइट मंदावतात. मग सल्ला मिळतो, "एक फॅरडचा कंडेन्सर टाका." टाकायचा का? खिशात हात घालण्याआधी या डब्याचा इतिहास पाहू.

१७४५-४६ मध्ये पोमेरेनियात क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन शहरात मुशेनब्रूक यांना वेगवेगळे कळले, की काचेच्या भांड्यात वीज साठवता येते. १७४६ सालीच फ्रान्समध्ये नोले यांनी राजासमोर १८० शिपायांना हात धरून उभे केले आणि बरणीचा झटका दिला. सगळे एकदम उडाले. पण त्या एका झटक्यात बरणी रिकामी झाली. हा तिचा स्वभाव लक्षात ठेवा: देते चटकन, पण साठा थोडा.

१७८२ साली व्होल्टा यांनी अशा साधनाला 'कंडेन्सर' म्हटले. पंख्याचा कंडेन्सर बदलणारा आपला मिस्त्री आजही तोच शब्द वापरतो. पुढे मायकेल फॅरडे यांच्या नावावरून 'फॅरड' हे एकक आले. ते इतके मोठे, की रेडिओतले कपॅसिटर त्याच्या लाखाव्या-कोट्यवधीव्या हिश्श्यांत मोजतात. १८९०च्या दशकात पोलाक यांनी काचेऐवजी ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा अतिपातळ थर वापरला. थर जितका पातळ, तितका साठा जास्त. याच वाटेने पुढे एक फॅरड हातात मावेल एवढ्या डब्यात आला.

आता हिशेब करू. व्होल्टेज १४ वरून १२ वर येईपर्यंत एक फॅरडचा कपॅसिटर देतो २६ जूल. ॲम्प्लिफायर १००० वॅट खेचत असेल, तर हे पुरतात सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागापुरते. म्हणजे ४० हर्ट्झच्या बासची जेमतेम एक लहर!

आमच्या पोलाद कारखान्याचेच उदाहरण घ्या. पाणी येते तांदुला धरणासारख्या दूरच्या जलाशयांतून आणि साठते कारखान्याजवळच्या मरोदा तलावात. तलाव जवळ असल्याची सोय मोठी. पण वरून येणारे पाणी रोजच्या खर्चाला कमी पडू लागले, तर तलाव किती दिवस पुरणार? गाडीत कपॅसिटर म्हणजे मरोदा आणि अल्टरनेटर म्हणजे तांदुला.

म्हणून आधी बॅटरी तपासा, अर्थिंग घट्ट करा, जाड केबल घाला. अल्टरनेटरच कमी पडत असेल, तर तो बदला. एवढे करूनही फक्त ठोक्याच्या क्षणी दिवे लुकलुकत असतील, तर कपॅसिटर ॲम्प्लिफायरच्या अगदी जवळ लावा. मात्र रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला जोडू नका, मोठी ठिणगी उडते. आधी रेझिस्टरमधून हळूहळू चार्ज करा.

पावणेतीनशे वर्षांत बरणीचा डबा झाला, स्वभाव तोच राहिला. ती वीज सांभाळते, तयार करत नाही. दुकानदाराने काहीही सांगितले, तरी एवढे विसरू नका. भेटू पुढच्या भागात.