चिखली-मेहकरच्या आभाळातले डाकोटा

दुसऱ्या महायुद्धात सैनिक आणि रसद वाहण्यासाठी अमेरिकेने दहा हजारांवर डाकोटा विमाने बांधली. आपल्याकडे डाकोटा म्हटले की २७ ऑक्टोबर १९४७ आठवतो. त्या दिवशी शीख रेजिमेंटचे जवान याच विमानांतून श्रीनगरला उतरले आणि खोरे हातचे गेले नाही. हा मान कोणी हिरावून घेऊ नये. पण बुलडाणा जिल्ह्याच्या इतिहासात या विमानाची जागा शोधायची तर ती टपालाच्या थैलीतच सापडते, असे माझे ठाम मत आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली डाकोटा मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती चिखली आणि मेहकर यांच्या मधून जाते.

यावर कोणी म्हणेल, ही विमाने बुलडाण्यात उतरतच नव्हती, मग जिल्ह्याचा संबंध काय? मला हा आक्षेप पटत नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने मुंबई-नागपूर लोहमार्गावरच आहेत. इथले पत्र गाडीने नागपूरला पोचले की मद्रास एका रात्रीवर येई. शिवाय एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रांना विमानाचा जादा आकारही उरला नाही, म्हणजे साध्या लिफाफ्यालाही हवाई वाट मोकळी झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: श्रेय दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या धोरणाचे, विमानाचे नव्हे. धोरण थोर होतेच, पण ते पेलणारे स्वस्त वाहन युद्धानेच मागे ठेवले होते. लष्करासाठी बनवलेल्या डाकोटाची जमीन भक्कम, डाव्या बाजूचे मागचे दार ऐसपैस. शेपटीचे चाक बुटके असल्याने उभ्या विमानात दारापासून पुढे चढ लागे आणि थैल्या त्या चढावरून सरकवाव्या लागत. तरी अडीच टनांवर माल सहज मावे. उरलेली अशी विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात नागरी वापराजोगी केली गेली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्सकडे आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटाच होती.