धनादेश कोणाच्या नावाचा?

अनुदानाच्या याद्यांवर सही करताना एक प्रश्न मला नेहमी पडतो. ज्याच्या नावापुढे रक्कम लिहिली आहे तो आणि ज्याच्या कष्टांनी शेत पिकते तो, हे दोघे एकच आहेत काय? या प्रश्नासंबंधी अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीचा इतिहास फार उद्‌बोधक आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग.

१९२९ साली अमेरिकेत कापसाला पौंडामागे सुमारे १७ सेंट मिळत. १९३१ मध्ये हा भाव ६ सेंटांच्याही खाली गेला. मे १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शेतीविषयक नव्या कायद्यावर सही केली. त्यामागील विचार साधा होता. पीक कमी निघाले म्हणजे भाव चढेल. म्हणून जो पेरा कमी करील त्याला सरकारने मोबदला द्यावा, आणि तो पैसा मालावर प्रक्रिया करणाऱ्यांवरील करातून उभारावा. त्या वर्षीचा कापूस शेतात उभाच होता. सुमारे १ कोटी एकरांवरील पीक नांगराखाली गेले, आणि भाव १० सेंटांच्या आसपास आला.

येथवर योजना यशस्वी झाली. वाटप मात्र बिकट ठरले. करार जमीनमालकाशी होई आणि धनादेशही त्याच्याच नावे निघे. पॉइन्सेटच्या कापूसपट्ट्यात जमीन कसणारा बहुधा अर्धेलीचा वाटेकरी होता. त्याची उधारी मालकाच्या वहीत, आणि हिशेबही मालकाचाच. १९३४ व १९३५ च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीचे पौंडामागे साडेतीन सेंट सर्वस्वी मालकाचे होते. वरचा एक सेंट तेवढा पिकाच्या वाट्याप्रमाणे विभागावयाचा होता. म्हणजे साडेचार सेंटांतून अर्धेलीच्या वाट्याला आला अर्धा सेंट, आणि तोही पुष्कळदा जुन्या देण्यात वळता होई.

शिवाय, पेरा घटला तसा कसणाराही नकोसा झाला. मालकाने कुळांची संख्या शक्य तोवर कायम ठेवावी, असे करारात कलम होते. ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांतून कित्येक कुटुंबे घराबाहेर पडली. तक्रार केली, तर ती चौकशीसाठी पुन्हा स्थानिक समितीकडेच येई, आणि तेथे वजन मालकांचे.

जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतील टायरोंझा गावाजवळ ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय एकत्र आले आणि त्यांनी कुळांची संघटना स्थापन केली. वर्णभेदाच्या त्या मुलुखात ही गोष्ट लहान नव्हती. फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉशिंग्टनमधील ज्या विधि-अधिकाऱ्यांनी त्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला होता, त्यांनाच पदावरून दूर करण्यात आले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची ही व्यवस्था रद्द ठरविली. परंतु वाद होता कराचा आणि केंद्राच्या अधिकाराचा, कुळांचा नव्हे.

त्या कायद्याच्या कर्त्यांचा हेतू वाईट होता, असे मला म्हणावयाचे नाही. पैसा कागदाच्या वाटेने जातो, एवढेच ते विसरले. आपल्याकडे २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीतून जमीनधारक शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नसते. म्हणून यादीवर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एकदा बांधावर उभे राहून विचारावे: हे शेत कोण कसतो?