जुन्या गाडीच्या इंजिनावरचा ॲल्युमिनियमचा भाग पांढरा पडलाय? ॲसिडची बाटली उघडण्याआधी हे वाचा

पनवेल : पावसाळा सरला की पनवेल, उरण, कर्जत भागातल्या जुन्या गाड्यांची बोनेटं उघडली जातात आणि आत एकच चित्र दिसतं. लोखंडाला तांबेरा आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. मारुती ८०० असो, झेन असो की कुणी जपून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी, मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे पुन्हा पहिल्यासारखं दिसेल का?

दिसेल. पण आपल्याकडे त्यासाठी जे सर्रास केलं जातं, त्यातल्या निम्म्या गोष्टींनी इंजिनाचं नुकसानच होतं.

पांढरी भुकटी म्हणजे काय

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर आपोआप एक पातळ थर चढतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन-चार, इतकाच जाड. हाच थर धातूचं रक्षण करतो. म्हणून ॲल्युमिनियम लोखंडासारखं आरपार गंजत नाही. पण खाडीकडून येणारी खारी, दमट हवा आणि महिनोन् महिने साचून राहिलेली ओल यांच्यापुढे हा थर टिकत नाही. मिठातलं क्लोराईड त्याला जागोजागी भोकं पाडतं, खालचा धातू खाल्ला जातो आणि वर पांढरी पूड फुलते. जिथे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलाय तिथे हे जास्त होतं, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की ॲल्युमिनियमचाच बळी जातो.

नुसती पूड असेल तर प्रश्न दिसण्याचा आहे. पण रेडिएटरचा पाइप जिथे चढतो त्या नळीच्या तोंडावर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या घरावर, पूड दिसली तर ती जास्त गांभीर्याने घ्या. क्लिप सैल करून पाइप काढा आणि खाली खड्डे पडलेत का बघा. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्यांत तिथे हमखास खड्डे सापडतात. तिथून पाणी गळतं, इंजिन तापतं, हेडचं पॅकिंग जातं आणि खर्च चकाकीवरून थेट हेड उतरवण्यावर जातो. असे खड्डे पॉलिशने जात नाहीत. तो भाग बदलायचा किंवा आर्गन वेल्डिंगने भरून लेथवर साफ करून घ्यायचा.

आधी ओळखा, मग घासा

चकचकीत नसलेलं सगळंच ॲल्युमिनियम नसतं. लोहचुंबक घ्या. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तरी सगळ्यांना एकच औषध चालत नाही. कार्ब्युरेटरची बॉडी बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती साध्या आंबट पाण्यानेही काळी पडते. तिला फक्त कार्ब्युरेटर क्लीनर आणि मऊ ब्रश.

मारुती ८०० मध्ये ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. झेनमध्ये ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा. बाकी इनटेक मॅनिफोल्ड, अल्टरनेटरची दोन्हीकडची टोपणं, गिअरबॉक्सचं कवच हे बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचंच सापडेल.

धुण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचं तोंड प्लॅस्टिकने नीट गुंडाळा. आधी चिकट काळं ऑइल रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून सोडवायचं. पेट्रोल अजिबात नको, एका ठिणगीत गाडी जाते. मग भांडी घासायच्या द्रव साबणाने धुवायचं. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा वापरू नका. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याच्या पाण्यात ठेवलं की काळं पडतं हे घरातल्या बायकांना विचारा. इंजिनाचंही तेच होतं. प्रेशर वॉशरचा झोत लांबूनच, आणि वायरिंगवर नाहीच.

हलकी पांढरी पूड असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, टाका. ब्रशने लावा, दहा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. चिंच लावून भांडी उजळतात त्यातलाच हा प्रकार, फक्त मापात.

आता ॲसिडविषयी. फरशी आणि संडास धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते मारलं की पाच मिनिटांत भाग पांढराशुभ्र दिसतो, म्हणून काही गॅरेजात ते आवडतं. पण त्यातलं क्लोराईड खड्ड्यांत अडकून बसतं आणि पुढच्या पावसात दुप्पट पूड फुलते. त्याहून वाईट म्हणजे चाकं चमकवायच्या नावाखाली सुट्या बाटलीत मिळणारं, हायड्रोफ्लोरिक असलेलं रसायन. ते हाताला लागलं तर आधी फारसं दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत उतरतं. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती घेऊच नका. लागलंच तर लगेच भरपूर पाण्याखाली हात धरा आणि तडक दवाखाना गाठा, डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा.

चकाकी किती हवी?

इथे मत वेगवेगळं आहे, आमचं सांगतो. कारखान्यातून निघताना इंजिनाचं हेड आरशासारखं नव्हतंच. ओतीव भागाचा रंग फिका राखाडी आणि पोत किंचित खरबरीत असतो. जुनी गाडी जुनीच दिसावी असं वाटत असेल तर बफिंग करू नका, ते उपऱ्यासारखं दिसतं. पितळी तारेचा किंवा स्टेनलेसचा ब्रश आणि बारीक नायलॉनची घासणी पुरते. साधा लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि महिन्याभरात तांबडे ठिपके उठतात.

सँडब्लास्टिंग बसवलेल्या इंजिनावर कधीच करून घेऊ नका. वाळूचा कण ऑइलच्या वाटेत शिरला तर बेअरिंग खातो. हेड उतरलेलंच असेल तर काचेच्या बारीक मण्यांचं ब्लास्टिंग चालतं. मात्र पॅकिंग बसतं ते तोंड झाकायचं आणि नंतर ऑइलची प्रत्येक वाट गरम साबणाच्या पाण्याने व हवेच्या झोताने साफ करायची.

सिल्व्हर पेंट हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात फसवा. खाली पूड तशीच ठेवून मारला तर वर्षभरात पापुद्रे निघतात. साफ, कोरड्या भागावर हातभर अंतरावरून पाणी हटवणाऱ्या तेलाचा हलका फवारा मारून फडक्याने पुसा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

इंजिन नंबर सांभाळा

हे कुणी सांगत नाही. इंजिन नंबर सहसा ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉकच ॲल्युमिनियमचा असेल तर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवताना तो पुसट व्हायला वेळ लागत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्या तपासणीत नंबर पाहिला जातो. काम सुरू करण्याआधी नंबरचा स्पष्ट फोटो काढा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि कामगाराला दाखवून ठेवा.

पद्मिनीवाल्यांनी तर विशेष जपावं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला पद्मिनी नाव १९७४ च्या सुमारास मिळालं, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर घेता येतो. सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत.

उभ्या ठेवलेल्या गाडीला थेट प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो. कापडी कव्हर घाला, आणि पंधरा दिवसांनी एकदा इंजिन चांगलं गरम होईपर्यंत गाडी चालवून आणा.