मिरग

जून उजाडला की यवतमाळच्या कापूसपट्ट्यात विचारणा सुरू होते : ‘मिरग लागला काय?’ मिरग म्हणजे मृग नक्षत्र. संस्कृतात मृग आधी कोणतंही रानजनावर. म्हणून सिंह मृगेंद्र आणि शिकार मृगया. पुढे अर्थ हरणापुरता आक्रसला. त्याचाच फारसी भाऊबंद ‘मुर्ग’ मात्र पक्षी झाला आणि माझ्यासारख्यांच्या ताटात आला. आकाशातल्या मृगशीर्षावरून टिळकांनी १८९३च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ ठरवू पाहिला. सूर्य या नक्षत्रात येतो ७-८ जूनच्या सुमारास. कृषी विभाग मात्र सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. म्हणून आता पंचांगाचा मिरग ‘लागतो’ तेव्हा बियाणं घरी येतं. पर्जन्यमापकातला ‘बरसतो’ तेव्हा सरकी मातीत जाते.