खिताईच्या वाटेवरील शहरे

मार्को पोलोने तेराव्या शतकात वर्णिलेला ‘खिताई’ नावाचा वैभवशाली देश आणि पोर्तुगीज जहाजांनी समुद्रमार्गे गाठलेला चीन, हे दोन देश की एकच? सोळावे शतक संपेपर्यंत युरोपातील विद्वानांना ह्याचा उलगडा झाला नव्हता. लाहोरास येणारे मुसलमान व्यापारी खिताईच्या गोष्टी सांगत आणि तेथे ख्रिस्ती लोक राहतात असेही म्हणत. 1601 साली पेकिंगला पोहोचलेला येशूसंघाचा मात्तेओ रिच्ची हा धर्मगुरू मात्र, आपण राहतो तीच खिताई, असे लिहून कळवीत होता. अखेर कोणीतरी खुष्कीने जाऊन पाहावे असे ठरले, आणि त्या कामी ब्रदर बेंतो द गोइश ह्याची निवड झाली.

गोइश जन्माने असोर बेटांतला. हिंदुस्थानात आला तो शिपाई म्हणून. गोव्यात तो येशूसंघात दाखल झाला आणि पुढे अकबराच्या दरबारी राहून फारशीत चांगला तरबेज झाला. 1602 च्या अखेरीस तो आग्ऱ्याहून निघाला. अंगावर आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष, नाव अब्दुल्ला इसाई, आणि खर्चासाठी बादशहाने दिलेल्या 400 मोहरा. ज्या बादशहाने त्याला निरोप दिला तो 1605 साली वारला, तेव्हा गोइश अद्यापि वाटेतच होता! लाहोराहून आयझॅक नावाचा एक आर्मेनियन गृहस्थ त्याच्या सोबतीला मिळाला. बाकीचे सोबती एकेक करून गळाले. हा मात्र शेवटपर्यंत टिकला.

1603 च्या वसंतात लाहोराहून सुमारे 500 माणसांचा तांडा निघाला. काबुलात मक्केहून परतणारी एक राजस्त्री भेटली. ती खोतानच्या राजाची आई होती; वाटेत लुटली गेल्याने तिच्याजवळ पैसा उरला नव्हता. गोइशने आपला काही माल विकून तिला 600 मोहरा उसन्या दिल्या आणि व्याजही घेतले नाही. पुढे पामीरच्या पठारावर हवा इतकी विरळ व थंडी इतकी कडक की घोडे उभ्या उभ्या मरू लागले. माणसे लसूण व सुकी सफरचंदे खात आणि जनावरांच्या हिरड्यांना लसूण चोळीत. इतके हाल सोसून नोव्हेंबरात तांडा यारकंदला पोहोचला.

हे यारकंद म्हणजे त्या काळी काशगरच्या राज्याची राजधानी व मोठी बाजारपेठ. काबुलचा तांडा येथे मोडावयाचा आणि चीनकडे जाणारा नवा तांडा येथे जमावयाचा. तांड्याच्या प्रमुखाचे पद राजाकडून विकत घ्यावे लागे, कारण चीनचा दरवाजा नुसत्या व्यापाऱ्यांना उघडत नसे. दूरदूरच्या राजांचे वकील म्हणून नावनिशी लावलेल्या 72 जणांनाच आत प्रवेश मिळे. बादशहाला ‘खंडणी’ द्यावयाची आणि त्याने तिच्या मोबदल्यात भरपूर द्रव्य द्यावयाचे, असा हा राजमान्य व्यापार होता. ही युक्ती चिनी अधिकाऱ्यांना कळत नसेल असे मला वाटत नाही. उभय पक्षांची सोय होत होती, एवढेच.

खंडणीचा मुख्य माल म्हणजे यशब, ज्याला आपण जेड म्हणतो तो दगड. उत्तम यशब खोतानच्या नदीत पाणबुडे बुड्या मारून काढीत. दुसरा डोंगरात आगीने खडक नरम करून फोडीत. गोइश खोतानला जाऊन आला, तेव्हा राजमातेने आपले कर्ज ह्या यशबाच्याच रूपाने फेडले. काबुलात दाखविलेले औदार्य व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरले.

तांडा जमण्यात एक वर्ष गेले. मग वाळवंटाच्या उत्तर कडेने अक्सू, कुचा, काराशहर, तुर्फान, हामी अशी एकेक हिरवळीची गावे मागे पडू लागली. कुचा हे चौथ्या शतकातील कुमारजीवाचे जन्मस्थान. त्याचा पिता हिंदुस्थानचा आणि माता कुचाची राजकन्या. बौद्ध ग्रंथांची त्याने केलेली चिनी भाषांतरे आजही वाचली जातात. तुर्फानजवळच्या ज्या काओचांग नगरीत इ. स. 630 च्या सुमारास राजाने युआन श्वांगला आग्रहाने ठेवून घेतले होते, ती गोइशच्या काळी ओसाड पडली होती. 2014 साली ‘युनेस्को’ने जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या स्थळांत तिचे अवशेष आहेत.

ज्या प्रश्नासाठी एवढा प्रवास, त्याचे उत्तर मिळाले ते काराशहरात. पेकिंगहून परतणारे काही व्यापारी तेथे भेटले. ते रिच्चीबरोबर एकाच परदेशीयांच्या वाड्यात राहिले होते. त्यांनी गावी दाखविण्यासाठी म्हणून केरातून उचलून आणलेला एक कागद काढला. त्यावर पोर्तुगीज अक्षरे होती! खिताई म्हणजेच चीन, ही गोष्ट केरातल्या त्या चिठोऱ्याने शाबीत झाली.

1605 च्या अखेरीस गोइश भिंतीचा दरवाजा ओलांडून सुचौ येथे, म्हणजे आजच्या जिउछुआनला, पोहोचला आणि तेथेच अडकला. रिच्चीला धाडलेले पहिले पत्र चिनी पत्त्याअभावी पोहोचलेच नाही. दुसरे नोव्हेंबर 1606 मध्ये पोहोचले. रिच्चीने ताबडतोब एक चिनी धर्मबंधू पाठविला. तो मार्चच्या शेवटी आला, तेव्हा गोइश अंथरुणाला खिळलेला होता. 11 एप्रिल 1607 रोजी त्याने देह ठेवला.

त्याच्या रोजनिशीत कोणाकोणाकडे किती येणे आहे, ह्याचीही नोंद होती. तांड्यातील सोबत्यांनी ती रोजनिशी फाडून टाकली! मिळाले तेवढे तुकडे आणि आयझॅकची स्मरणशक्ती, एवढ्यावर रिच्चीने प्रवासाची हकीकत जुळविली. ती 1615 साली प्रसिद्ध झाली. अनेक ठिकाणांची अंतरे व तारखा तीत जुळत नाहीत, त्याचे कारण हेच.

आयझॅक पेकिंगहून मकावमार्गे जहाजाने परत निघाला. वाटेत डच लोकांनी ते जहाज पकडले. मलाक्क्याच्या पोर्तुगीजांनी त्याला सोडविले. हिंदुस्थानात आल्यावर त्याला समजले की आपली पत्नी निवर्तली आहे. मग लाहोराकडे न जाता तो आपल्या कोकणातील चौल बंदरात राहिला, आणि ही हकीकत लिहिली गेली तेव्हा तो तेथेच हयात होता.